ॲलर्जी हा शब्द देणारे मुलांचे डॉक्टर : क्लेमेन्स फॉन पिर्के



संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटायचा ही आपल्या शाळांची जुनी रीत. काही वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात मी डबा उघडला आणि रांगेने एकेकाच्या हातावर लाडू ठेवत निघाले. एका मुलाने हात मागे घेतला. त्याला शेंगदाणे चालत नाहीत हे त्याच्या आईने जूनमध्येच येऊन सांगितलं होतं. मी ते विसरले नव्हते. पण लाडू तिळाचा, त्यात दाण्याचं कूट असून असून किती असणार, आणि सणाच्या दिवशी एकट्यानेच का तोंड बारीक करून बसायचं, असा विचार करून मी आग्रह केला. बाई सांगतात म्हणून त्याने खाल्ला. दहा मिनिटांच्या आत त्याचे ओठ सुजले, गळ्यावर पित्तासारख्या गांधी उठल्या आणि तो खोकायला लागला. शेजारच्या वर्गावरच्या सरांनी गाडी काढली, दवाखाना जवळ होता, डॉक्टर जागेवर होते. मांडीत इंजेक्शन बसलं आणि मूल वाचलं. यातली एक गोष्ट जरी चुकली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

चूक माझी होती. आणि ती अज्ञानातून झाली असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. मला माहिती होती, विश्वास नव्हता. शेंगदाणा म्हणजे आपलं रोजचं अन्न. उपासाची खिचडी असो, भरली वांगी असोत, काकडीची कोशिंबीर असो, कुटाशिवाय आपला हात पुढे जात नाही. असं अन्न एखाद्याला बाधतं म्हणजे घरचे लाड, नाहीतर पोराचे नखरे, असं कुठेतरी मनात बसलेलं असतं. त्या दिवसानंतर मी ॲलर्जी या शब्दाच्या मागे लागले. तेव्हा कळलं की हा शब्द परंपरेने चालत आलेला नाही. तो एका माणसाने १९०६ साली मुद्दाम घडवला, आणि तो माणूस मुलांचा डॉक्टर होता. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळच्या हिर्शस्टेटन या गावी झाला. आज ते गाव व्हिएन्ना शहराचाच भाग आहे. घराणं सरदारी, वडील संसदेचे सदस्य, घरात कशाची ददात नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ गिडो पुढे रॉकेट आणि अवकाशप्रवासाच्या गणितासाठी नावाजला गेला. म्हणजे एक भाऊ आकाश मोजत होता आणि दुसरा मुलांच्या हातावरची लाल पुळी मोजत होता. क्लेमेन्स आधी इन्सब्रुकला धर्मशास्त्र शिकायला गेले, मग बेल्जियममधल्या लूव्हेनला तत्त्वज्ञान शिकले, आणि मग हे सगळं सोडून वैद्यकाकडे वळले. १९०० साली ग्राझ विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. दोनदा वाट बदललेल्या या विद्यार्थ्याकडे बघून आपल्या वर्गातली काही नावं मला आठवतात, पण ते असो.

व्हिएन्नाला ते थिओडोर एशरिश यांच्या हाताखाली काम करू लागले. एशरिश म्हणजे ई. कोलाय हा जिवाणू शोधणारे डॉक्टर. त्यांच्या मुलांच्या दवाखान्यात घटसर्प आणि स्कार्लेट फीवर झालेली मुलं मोठ्या संख्येने येत. अँटिबायोटिक औषधं अजून जन्माला यायची होती. उपाय होता तो रक्तद्रवाचा, म्हणजे सीरमचा. घोड्याला रोगाचं विष थोडं थोडं टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिकारक तयार झाले की त्या रक्तातला पिवळसर द्रव काढून आजारी मुलाला टोचायचा. घटसर्पाच्या सीरममुळे असंख्य मुलं वाचली, हे आधी नीट सांगितलं पाहिजे. पण काही मुलांच्या बाबतीत विचित्र प्रकार घडायचा. मूल मूळ आजारातून उठायचं, आई-वडील घरी न्यायची तयारी करायचे, आणि आठ-दहा दिवसांनी त्याला पुन्हा ताप भरायचा, अंगभर गांधी यायच्या, सांधे दुखायचे, गाठी सुजायच्या.

त्या वेळचे डॉक्टर याला सीरमचा दोष समजत आणि पुढे जात. पिर्के आणि त्यांचे हंगेरियन सहकारी बेला शिक यांनी मात्र एक साधी गोष्ट केली. ते तारखा लिहू लागले. कोणत्या मुलाला इंजेक्शन कधी दिलं, त्रास कधी सुरू झाला, हे इंजेक्शन पहिलं की दुसरं. या वहीतून जे दिसलं ते असं : पहिल्या इंजेक्शननंतर त्रास व्हायचा असेल तर तो साधारण आठ ते बारा दिवसांनी होतो. पण ज्या मुलाला काही आठवडे किंवा महिन्यांपूर्वी एकदा सीरम दिलेलं आहे, त्याला दुसऱ्या खेपेला त्रास फार लवकर होतो, कधी त्याच दिवशी, कधी तर काही मिनिटांत.

यात एवढं विशेष काय, असं वाटेल. त्या काळी असा समज होता की रोग उशिरा दिसतो कारण जंतूंना शरीरात वाढायला वेळ लागतो. आता सीरममध्ये तर जिवंत जंतूच नाहीत. मग हे आठ-दहा दिवस कशाचे? पिर्के यांनी ओळखलं की हा वेळ शरीराचा आहे. बाहेरून आलेल्या परक्या पदार्थाची ओळख पटवून त्याच्याविरुद्ध प्रतिकारक बनवायला शरीराला इतके दिवस लागतात. ते तयार झाले आणि तोवर तो पदार्थ अंगात शिल्लक असला, की दोघांची गाठ पडते आणि त्या झटापटीत ताप आणि गांधी येतात. दुसऱ्या वेळी ओळख आधीच झालेली असते, म्हणून वेळ लागत नाही. थोडक्यात, आजार बाहेरच्या पदार्थात नाही आणि शरीराच्या दुबळेपणातही नाही. जी यंत्रणा आपलं रक्षण करते तीच इथे त्रास देते. १९०३ साली, वय तिशीच्याही आत, त्यांनी हा विचार लिहून बंद पाकिटात व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवायला दिला, नंतर वाद नको म्हणून. १९०५ मध्ये दोघांनी मिळून सीरमच्या आजारावर पुस्तक प्रसिद्ध केलं.

पॅरिसमध्येही याच सुमाराला असंच काही दिसलं होतं. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना थोडं टोचलं. त्यांना वाटलं होतं की कुत्र्यांना त्याची सवय होईल. पण पहिला डोस पचवलेला धडधाकट कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या लहानशा डोसाने अर्ध्या तासाच्या आत मेला. १९०२ मध्ये रिशे यांनी याला ॲनाफिलॅक्सिस असं नाव दिलं आणि १९१३ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. पिर्के यांचं नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवलं गेलं, पण मिळालं कधीच नाही.

माझ्या मते मात्र शब्द पिर्के यांचाच जास्त चांगला आहे. रक्षण आणि त्रास या दोन्ही गोष्टी एकाच बदलाच्या दोन बाजू आहेत हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून २४ जुलै १९०६ च्या म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी दोन ग्रीक शब्द जोडले : आलोस म्हणजे वेगळा आणि एर्गोन म्हणजे काम, क्रिया. ॲलर्जी म्हणजे शरीराचा बदललेला प्रतिसाद. बस्स, एवढंच. त्यात नावड नाही, नाजूकपणा नाही, नखरे तर नाहीतच. आज आपण गणिताची ॲलर्जी, अमक्या नातेवाइकाची ॲलर्जी असं हसत म्हणतो. त्या थट्टेमुळे शब्द पातळ होतो आणि मग तिसरीतल्या मुलाने हात मागे घेतला की आपल्याला तो नखरा वाटतो.

शेंगदाण्याच्या बाबतीत हा बदललेला प्रतिसाद नेमका कसा असतो, ते इथेच सांगते. शेंगदाणा हा बदाम-काजूच्या कुळातला नाही, तो हरभरा-मुगासारखा शेंगवर्गातला. त्यातली काही प्रथिनं फार चिवट असतात, भाजण्याने किंवा पोटातल्या पाचकरसाने ती सहज मोडत नाहीत. एखाद्या मुलाचं शरीर या प्रथिनांना शत्रू समजून आयजीई नावाचे प्रतिकारक बनवून ठेवतं. हे आयजीई १९६० च्या दशकात सापडलं, पिर्के यांना ते माहीत असणं शक्य नव्हतं. पुढच्या वेळी दाणा पोटात गेला की हे प्रतिकारक त्याला पकडतात, पेशींमधून हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम बाहेर पडतात, आणि काही मिनिटांपासून दोनेक तासांच्या आत त्रास सुरू होतो. म्हणून गेल्या महिन्यात खाल्लं तेव्हा काही झालं नव्हतं, या वाक्याला अर्थ नाही. आणि थोडंसंच आहे, यालाही नाही. ही दोन्ही वाक्यं मी स्वतः मनात म्हटलेली आहेत.

१९०७ साली पिर्के यांनी आणखी एक काम केलं आणि त्याने ते जगभर प्रसिद्ध झाले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयावरचं औषध म्हणून ट्युबरक्युलिन आणलं होतं, पण औषध म्हणून ते फसलं होतं. पिर्के यांनी ते टाकून दिलं नाही. मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला एक थेंब ठेवायचा, लहानशा हत्याराने तिथेच कातडी अगदी वरवर खरवडायची, आणि एक-दोन दिवस वाट बघायची. लाल फुगवटा आला तर या मुलाच्या शरीराची क्षयाच्या जंतूशी आधीच ओळख झालेली आहे. व्हिएन्नातल्या मुलांवर ही चाचणी केली तेव्हा वरून निरोगी दिसणाऱ्या बहुतेक मुलांना शाळा सुटायच्या वयापर्यंत क्षयाचा संसर्ग होऊन गेलेला दिसला. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या माँटू यांनी त्यात सुधारणा केली. आपल्याकडे लहान मुलांच्या हातावर आजही जी माँटू टेस्ट करतात, तिचं मूळ हे.

अन्नाच्या ॲलर्जीसाठी तज्ज्ञ डॉक्टर हातावर थेंब ठेवून टोचतात, तीही याच घराण्यातली चाचणी. तिथे मात्र निकाल पंधरा-वीस मिनिटांतच कळतो. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी अंडं, बदाम आणि ओट्स बाधणाऱ्या एका मुलावर अशी चाचणी करून दाखवली आणि तिथून ही पद्धत अन्नाकडे वळली. पालकांना एक विनंती आहे. ही चाचणी किंवा आयजीईची रक्ततपासणी सकारात्मक आली एवढ्यावरून ॲलर्जी ठरत नाही. मुलाने काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, ही हकीकत तिच्या जोडीला लागते. पुन्हा तीच तारखांची वही. आणि घरी थोडं खायला देऊन बघू, हा प्रयोग तर कधीच करू नका. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णालयातच होतो.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने पिर्के यांना बालरोगाचे प्राध्यापक म्हणून बोलावलं. तिथे ते थोडाच काळ राहिले, १९१० मध्ये ब्रेस्लाऊला गेले आणि १९११ मध्ये एशरिश वारल्यावर त्यांच्या जागी व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्या रुग्णालयात एर्विन लाझार यांनी शिकण्यात आणि वागण्यात अडचणी असलेल्या मुलांसाठी वेगळा विभाग सुरू केला. डॉक्टर आणि शिक्षक एकाच मुलाकडे मिळून बघतात ही कल्पना तेव्हा नवीन होती. आपल्याकडे ती अजूनही नवीनच आहे असं कधीकधी वाटतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. युद्ध संपता संपता व्हिएन्ना उपाशी होती. दूध नाही, कोळसा नाही, मुलांची हाडं वाकडी होत होती. पिर्के यांचं लक्ष आता अन्नाकडे वळलं. इथे त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग सुरू होतो.

त्यांनी सगळं अन्न एकाच मापाने मोजायचं ठरवलं, आणि माप घेतलं दुधाचं. एक ग्रॅम दुधातून जेवढी ऊर्जा मिळते ती एक नेम. एक नेम म्हणजे साधारण ०.६७ किलोकॅलरी. भात, साखर, लोणी, सगळ्याचा हिशोब नेममध्ये. याच हिशोबाने मी आपला शेंगदाणा मोजून पाहिला : मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत जवळपास १७० किलोकॅलरी, म्हणजे अडीचशे नेम, म्हणजे एक मोठा पेला दूध. गरिबाचा बदाम म्हणतात ते उगाच नाही.

कोणत्या मुलाला जास्त गरज आहे हे ठरवायलाही त्यांनी सूत्र काढलं. मुलाला बसवून डोक्यापर्यंतची उंची मोजायची. वजन ग्रॅममध्ये घेऊन त्याला १० ने गुणायचं, त्याचं घनमूळ काढायचं, आणि त्याला बसलेल्या उंचीच्या सेंटिमीटरने भागून शंभरने गुणायचं. समजा वजन २७ किलो आणि बसलेली उंची ६८ सेंटिमीटर. २,७०,००० चं घनमूळ सुमारे ६४.६, भागिले ६८, म्हणजे ९५. हे मूल ठीक. त्याच उंचीचं मूल २२ किलोचं असेल तर उत्तर येतं ८९, म्हणजे त्याला आधी वाढा. सातवी-आठवीच्या मुलांकडून हे गणित करून घ्यायला हरकत नाही, घनमूळ कशाला शिकायचं हा प्रश्न मग येत नाही. फक्त वर्गातल्या मुलांची वजनं फळ्यावर लिहू नका.

१९१९ मध्ये हर्बर्ट हूवर यांच्या अमेरिकी मदतसंस्थेने ऑस्ट्रियात मुलांसाठी अन्न पाठवायला सुरुवात केली आणि त्या कामाची धुरा पिर्के यांच्याकडे आली. मैदा, तांदूळ, घेवडा, आटवलेलं दूध, कोको. मुलांची संख्या लाखांच्या घरात होती. मोजमाप करून मुलं निवडायची, आणि वाढलेलं तिथेच बसून खायचं, घरी न्यायचं नाही, नाहीतर भावंडांत वाटलं जाऊन कुणाचंच पोट भरणार नाही. शालेय पोषण आहाराची नोंदवही ज्यांनी सांभाळली आहे त्यांना या कामातली डोकेदुखी वेगळी सांगायला नको.

आता विचार करा. ज्या माणसाने सांगितलं की एकच पदार्थ दोन शरीरांत दोन वेगळे परिणाम करू शकतो, त्यानेच पुढे सगळ्या अन्नाला एका मापात बसवलं. आणि माप निवडलं ते दुधाचं, जे तान्ह्या मुलांना ज्या अन्नांची ॲलर्जी सर्वांत जास्त दिसते त्यांपैकी एक आहे. यात पिर्के यांची फजिती दाखवायचा माझा हेतू नाही. हजारो मुलं उपाशी असताना एक माप लागतंच, त्याशिवाय पातेलं चुलीवर चढत नाही. आपलीही खिचडी सगळ्यांना सारखीच शिजते. पण सगळ्यांसाठी शिजवणं आणि त्या एकासाठी बघणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं नीट जमलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

त्यांच्या हिशोबात दुसरी एक मोठी फट होती. नेममध्ये फक्त ऊर्जा मोजली जायची, जीवनसत्त्वं नाहीत. मुडदूस हा संसर्गाने होणारा आजार आहे असं पिर्के यांचं मत होतं. लंडनहून हॅरिएट चिक या संशोधक बाई आपल्या सहकाऱ्यांसह आल्या, त्यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. पिर्के यांनी त्यांना दारातून परत पाठवलं नाही. स्वतःच्याच रुग्णालयात जागा दिली, मुलं दिली, सोयी दिल्या. १९१९ ते १९२२ या काळात चिक बाईंनी तिथेच दाखवून दिलं की कॉड माशाच्या यकृताचं तेल किंवा सूर्यप्रकाश यांनी मुडदूस बरा होतो आणि टाळताही येतो. पिर्के यांनी ते मान्य केलं. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने स्वतःच्या घरात स्वतःला खोटं ठरवू देणं सोपं नाही. मला तर एका आईचं म्हणणं मान्य करायला एका मुलाचे सुजलेले ओठ बघावे लागले.

पिर्के यांनी १९०४ मध्ये मारिया व्हान हुझेन यांच्याशी लग्न केलं होतं. घरच्यांना ते पसंत नव्हतं. त्यांना मूल झालं नाही. १९२० च्या दशकात पिर्के यांचा मान इतका वाढला होता की १९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांचं नाव चर्चेत आलं. आणि २८ फेब्रुवारी १९२९ रोजी पती-पत्नी दोघांनी आपलं जीवन संपवलं. पिर्के तेव्हा चौपन्न वर्षांचे होते. २८ फेब्रुवारी आपण शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो, रामन यांच्या शोधाचा दिवस म्हणून. त्यानंतर बरोबर एका वर्षाने हे घडलं. गेल्या काही वर्षांपासून त्या दिवशी मी मुलांना पिर्के यांच्या तारखांच्या वहीची गोष्ट सांगते. शेवट सांगत नाही, मुलं लहान आहेत.

पिर्के गेल्यानंतरच्या काळात पुष्कळ कळलं आहे, त्यातलं पालकांच्या कामाचं एक सांगते. शेंगदाणा बाळाला जितका उशिरा द्यावा तितकं चांगलं, असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे उलटवलं. ज्या बाळांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती, त्यांच्यापैकी निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिला नाही. दिलेल्या गटात ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघालं. पण असं बाळ घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा लहान मुलाच्या हाती कधी देऊ नका, तो घशात अडकतो; पातळ केलेली पेस्टच द्या. आणि ज्याला ॲलर्जी झालेलीच आहे त्याला हे मुळीच लागू नाही.

आमच्या शाळेत त्या संक्रांतीनंतर काय बदललं ते सांगून थांबते. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी आम्ही प्रत्येक पालकाला विचारतो : काय बाधतं, कधी बाधलं होतं, खाल्ल्यावर किती वेळाने, आणि काय झालं. हे सगळं एका वहीत तारखेसह लिहितो, आणि त्या वहीची प्रत स्वयंपाकाच्या ताईंकडेही असते. ताईंनीच मला सांगितलं की कुटाचा डाव भाजीत गेला तर नुसता विसळून चालत नाही, साबणाने धुवायला लागतो आणि तो वेगळाच ठेवलेला बरा. पूरक आहारात चिक्की असते त्या दिवशी त्या मुलासाठी केळं आधीच बाजूला काढलेलं असतं. वाढदिवसाचा खाऊ पाकीट वाचल्याशिवाय वाटला जात नाही, कारण पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख करणं आता कायद्याने बंधनकारक आहे. सुट्ट्या लाडवांवर आणि फरसाणावर काही लिहिलेलं नसतं, म्हणून ते त्याला नाहीच. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचा अंश राहू शकतो, तेही त्याला चालत नाही. डबा खाल्ल्यावर सगळी मुलं साबणाने हात धुतात. सॅनिटायझर चोळल्याने दाण्याचा अंश जात नाही.

आणि तरीही घडलंच तर काय करायचं हे शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावलं आहे. नुसत्या ओठाभोवती गांधी असतील तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲलर्जीचं औषध द्यायचं आणि मुलावरून नजर हटवायची नाही. पण खोकला, घरघर, आवाज बसणं, पुन्हा पुन्हा उलट्या, चक्कर किंवा गळून जाणं यांपैकी काहीही दिसलं, तर तो ॲनाफिलॅक्सिस धरायचा. त्यावर पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. गोळीने हे थांबत नाही, आणि गोळी देऊन वाट बघण्यातच वेळ जातो. मुलाला आडवं झोपवून पाय वर करायचे, श्वास लागत असेल तर बसवायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही. १०८ ला फोन. पाच-दहा मिनिटांत उतार पडला नाही तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे दुसरा डोस. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो. परदेशात मिळतं तसं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून त्या मुलाच्या डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे डोस लिहून दिला, आईला आणि आम्हा दोघा शिक्षकांना सिरिंज भरायला शिकवलं, आणि ती पेटी माझ्या टेबलाच्या वरच्या कप्प्यात असते. कुलूप न लावता. दर सहा महिन्यांनी औषधाची मुदत बघून तीही तारीख वहीत लिहायची.

तो मुलगा आता सातवीत आहे. गेल्या संक्रांतीला त्याच्या आईने संपूर्ण वर्गासाठी घरून लाडू करून पाठवले, नुसत्या तिळाचे आणि गुळाचे. वाटायचं काम त्यानेच केलं. पहिला लाडू माझ्या हातावर ठेवला.